आठव्या वर्षी दार बंद होतं का? 'प्रकल्प प्रकाश'मधल्या पाच मुलांचं प्रकरण

दिल्लीत दर्यागंज भागात डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटल आहे. तिथे डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या पाच मुलांची एक छोटीशी चाचणी घेतली गेली आणि तिचा निकाल 2011 मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये छापून आला. चार मुलगे, एक मुलगी. वयं 8 ते 17. चौघांच्या दोन्ही डोळ्यांत जन्मापासून दाट मोतीबिंदू, पाचव्याची बुबुळं जन्मतःच पांढुरकी. उजेड आहे की अंधार, फार तर उजेड कुठल्या बाजूने येतोय, एवढंच त्यांना कळायचं. वस्तूचा आकार त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.

चाचणीसाठी लहान मुलांच्या खेळण्यातल्यासारखे ठोकळे घेतले होते. ठोकळ्यांच्या वीस जोड्या. पार्श्वभूमी साधी पांढरी. ठोकळे मुद्दाम मोठे निवडले, म्हणजे नुकत्या उघडलेल्या डोळ्यांच्या धूसर नजरेलाही ते पुरेसे दिसावेत. पट्टी निघाल्यानंतर 48 तासांच्या आत मुलाला एक ठोकळा नजरेआड हातात द्यायचा. त्याने तो चाचपायचा, कडा-कोपरे बोटांनी वाचायचे. मग तो काढून घ्यायचा आणि समोर दोन ठोकळे ठेवायचे, एक तोच आणि एक वेगळा. हात लावायचा नाही. आता सांग, मघाचा कुठला?

मुलांना सांगता आलं नाही. अचूक उत्तरांचं प्रमाण सरासरी 58 टक्के निघालं. दोनातून एक निवडायचा असताना डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात, तेव्हा हे 58 म्हणजे अंदाजपंचेच. पण हाताने चाचपलेला ठोकळा पुन्हा हातानेच ओळखायचा असेल तर याच मुलांचे गुण 98 टक्के. डोळ्यांनी पाहिलेला ठोकळा पुन्हा डोळ्यांनीच ओळखायचा तर 92. म्हणजे हात चोख आणि डोळाही कामापुरता ठीक. अडत होतं ते या दोघांचं एकमेकांशी.

मेंदूविज्ञानातले मोठे प्रयोग म्हटले की डोळ्यांसमोर कोट्यवधींची यंत्रं येतात. या चाचणीला लागले ते ठोकळे. अवघड होती ती मुलं मिळणं: दहा-बारा वर्षं काहीच न पाहिलेलं, पण डोळा दुरुस्त होण्याजोगं, आणि पट्टी सुटल्यावर दोन दिवसांत चाचणीला बसू शकेल असं मूल. युरोप-अमेरिकेत असं मूल सहसा सापडत नाही, कारण तिथे जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बाळ काही आठवड्यांचं असतानाच होते. आपल्याकडे सापडतं. विज्ञानाला ही संधी मिळाली ती आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या भोकांतून, हे या प्रकरणाबद्दल बोलताना आधीच सांगितलेलं बरं.

प्रश्न मात्र फार जुना आहे. 7 जुलै 1688 रोजी डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्याकडे तो लिहून पाठवला. जन्मांध माणसाला गोल आणि घन हाताने ओळखता येतात; त्याला अचानक दृष्टी आली, तर नुसतं पाहून तो गोल कोणता आणि घन कोणता हे सांगू शकेल का? मॉलिन्यूला हा प्रश्न पडायला घरचं कारण असावं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोची दृष्टी गेली होती. लॉकने त्या पत्राला उत्तर दिलं नाही. 1693 मध्ये मॉलिन्यूने पुन्हा लिहिलं, आणि पुढच्या वर्षी लॉकने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो प्रश्न घातला. दोघांचंही उत्तर होतं, 'नाही'. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचं म्हणणं पडलं की विचार करायला अवसर दिला तर सांगता येईल. त्यानंतर तीनशे वर्षं या प्रश्नावर शाई सांडत राहिली, पण ठोकळे हातात द्यायला माणूसच नव्हता.

अगदीच नव्हता असं नाही. 1728 मध्ये लंडनच्या विल्यम चेसल्डन या शल्यविशारदाने तेराएक वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मोतीबिंदू काढल्यावर या मुलाला घरातलं मांजर कोणतं आणि कुत्रं कोणतं हे पाहून कळेना. विचारायची लाज वाटे. एके दिवशी त्याने मांजर पकडलं, हाताने नीट चाचपलं, मग टक लावून पाहिलं आणि म्हणाला, आता पुढच्या वेळी ओळखीन तुला. विसाव्या शतकात रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी 'एस. बी.' या इंग्लंडमधल्या माणसाचा अभ्यास केला. वयाच्या 52 व्या वर्षी बुबुळ बदलल्यावर त्याला इंग्रजीतली मोठी अक्षरं लगेच वाचता आली, कारण अंधशाळेत कोरलेल्या अक्षरांवर बोटं फिरवून तो ती शिकला होता. हे मॉलिन्यूच्या उत्तराच्या नेमकं उलट जाणारं. पण एस. बी. जन्मांध नव्हता. दहा महिन्यांचा होईपर्यंत त्याला दिसत होतं, आणि दहा महिने मेंदूच्या हिशेबात थोडे नव्हेत.

डोळ्याच्या मागे काय घडतं

डोळा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग. गर्भात दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेला प्रकाश टिपणारा पडदा, तयार होतं ते मेंदूच्या भिंतीला फुटलेल्या फुगवट्यातून. दृष्टिपटलाकडून निघालेले तंतू डोळ्यांच्या मागे एकमेकांना भेटतात. तिथे प्रत्येक डोळ्याचे साधारण निम्मे तंतू बाजू बदलतात, मग थॅलॅमस नावाच्या चौकीत थांबा होतो, आणि तिथून मजकूर पोहोचतो तो थेट डोक्याच्या मागच्या टोकाला, पश्चखंडात. मानेच्या वर जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या आतल्या बाजूला ही जागा आहे. इथे आधी रेघा, कडा, त्यांचा तिरकेपणा यांची नोंद होते. पुढे वाट दुभंगते: एक फाटा खालून कानशिलाच्या दिशेने जातो, तिथे वस्तू आणि चेहरे ओळखले जातात, दुसरा वरून जातो, तिथे वस्तू कुठे आहे, कुठे सरकते आहे, हात कसा न्यायचा याचा हिशेब होतो.

ही वाट जन्माच्या वेळी बांधून तयार असते, पण पक्की नसते. जन्मानंतर दृष्टीच्या भागात पेशी-पेशींमधले जोड झपाट्याने वाढतात, साधारण आठव्या महिन्यात त्यांची गर्दी सर्वाधिक होते आणि मग कितीतरी वर्षं छाटणी चालते. पीटर हटनलॉकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंतले हे जोड सूक्ष्मदर्शकाखाली मोजून काढले. काय ठेवायचं आणि काय छाटायचं हे बऱ्याच अंशी वापरावर ठरतं.

इथे येतात डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल हे मेंदूशास्त्रज्ञ. 1963 मध्ये त्यांनी मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून टाकली आणि काही आठवड्यांनी उघडली. डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याला दाद देत होत्या. हाच प्रकार वाढलेल्या मांजरावर केला तर काहीच बिघडत नव्हतं. म्हणजे लहानपणी एक ठरावीक काळ असतो, त्यात वापर झाला तर झाला. याला 'क्रिटिकल पिरियड' म्हणायला लागले. 1981 मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. आळशी डोळ्यावर लहानपणीच उपचार करायचे, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची, हे सगळं यातून आलं.

पण या शोधाचा व्यवहारात एक सैल अर्थही रुजला: सातव्या-आठव्या वर्षानंतर दृष्टीचं दार बंद. मग दहा वर्षांच्या जन्मांध मुलाला घेऊन बाप दवाखान्यात आला तर उत्तर काय मिळणार? आता डोळा उघडूनही मेंदू पाहायला शिकणार नाही, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, मॉलिन्यूच्या प्रश्नाहूनही. कारण ह्युबेल-वीझलच्या प्रसिद्ध पिल्लाचा एकच डोळा बंद होता. दोन डोळ्यांची मेंदूतल्या जागेसाठी चुरस लागते आणि बंद डोळा हरतो, असं तो प्रयोग सांगतो. ज्या मुलाचे दोन्ही डोळे बंद, तिथे चुरस कुणाची कुणाशी? खुद्द त्या दोघांनीच 1965 मध्ये दोन्ही पापण्या शिवून पाहिल्या, आणि एकाच डोळ्याच्या प्रयोगावरून जेवढी हानी अपेक्षित होती तेवढी झाली नाही, असं लिहून ठेवलं. पेशी बिघडल्या होत्या, मांजरं धडपणे पाहत नव्हती, पण मेंदूतल्या पुष्कळ पेशी प्रकाशाला दाद देत होत्या. हा दुसरा निबंध पहिल्याइतका तोंडी झाला नाही.

अर्थात दोन्ही डोळे बंद असले तरी ती जागा रिकामी पडून राहत नाही. जन्मांध माणूस ब्रेल वाचतो तेव्हा त्याचा पश्चखंड कामाला लागतो, हे 1996 मध्ये मेंदूच्या प्रतिमांतून दिसलं. मालक फिरकला नाही म्हणून कुळाने जमीन कसायला घेतली, तसा हा प्रकार. दहा-बारा वर्षांनी मालक परत आला तर कुळाचं काय करायचं, हा तंटा त्या पाच मुलांच्या डोक्यातही असणार.

शस्त्रक्रिया आणि संशोधन एकाच गाडीला

पवन सिन्हा दिल्लीत वाढले, आयआयटी दिल्लीत संगणकशास्त्र शिकले आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये दृष्टी आणि मेंदू यांवर संशोधन करू लागले. भारतभेटीत रस्त्यावरची आंधळी मुलं पाहून त्यांना दोन गोष्टी एकदम सुचल्या. या मुलांतल्या कित्येकांचा आजार बरा होण्याजोगा आहे, ही एक. आणि मेंदू पाहायला कसा शिकतो हा आपल्याला आयुष्यभर छळत असलेला प्रश्न या मुलांकडून समजून घेता येईल, ही दुसरी. तान्हं बाळ पाहायला शिकतं, पण ते बोलत नाही, चाचणीला बसत नाही. बारा वर्षांचा मुलगा पट्टी निघाल्या दिवसापासून सांगू शकतो, मला आत्ता काय दिसतंय. यातून 'प्रकल्प प्रकाश' उभा राहिला: खेड्यापाड्यांत शिबिरं घेऊन मुलं शोधायची, श्रॉफमध्ये फुकट उपचार करायचे, आणि घरच्यांची तयारी असेल त्या मुलांचा पुढे पाठपुरावा करायचा. डॉ. सुमा गणेश आणि डॉ. उमंग माथुर यांनी वैद्यकीय बाजू पाहिली, तपन गांधी आणि युरी ओस्ट्रोव्स्की यांनी चाचण्यांची.

2011 च्या निबंधावर पहिलं नाव आहे रिचर्ड हेल्ड यांचं. ते तेव्हा नव्वदीला टेकले होते. 1963 मध्येच, अॅलन हाइन यांच्याबरोबर, त्यांनी मांजराची दोन पिल्लं एका आडव्या दांड्याच्या दोन टोकांना बांधली होती. एक पिल्लू स्वतः चालत गोल फिरे. दुसरं टोपलीत बसून तेवढंच फिरे, तेवढंच पाही. पाहिलं दोघांनी सारखंच, पण पुढे कड्याच्या काठाशी सावध झालं ते चालणारं पिल्लू. बसून फिरलेल्याला नजर आणि पाय यांची सांगड घालता येत नव्हती. त्याच माणसाने 1960 च्या दशकात मांजरांना विचारलेला प्रश्न पन्नासएक वर्षांनी दिल्लीच्या मुलांना विचारला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

58 चं पुढे काय झालं

पाचपैकी ज्यांना पुन्हा तपासता आलं त्या मुलांची तीच चाचणी नंतर घेतली. मधल्या काळात कसलंही खास शिक्षण दिलं नव्हतं. मुलं घरी होती, डोळे उघडे ठेवून वावरत होती, दिसेल ती वस्तू हातात घेत होती. गुण ऐंशीच्या पलीकडे गेले. सगळ्यात लवकर हा फरक दिसला तो पहिल्या चाचणीनंतर अवघ्या पाच दिवसांत.

म्हणजे लॉक बरोबर की चूक? वर्तमानपत्रांनी 'तीनशे वर्षांचं कोडं सुटलं' असे मथळे दिले. मला ते घाईचे वाटतात. हात आणि डोळा यांना जोडणारी तयार तार जन्मतः नसते, असं पहिल्या दिवसाचे 58 टक्के सांगतात. पण पाच दिवसांत ती तार जोडली जाते, म्हणजे जोडण्याची सगळी सामग्री आत होतीच. जॉन श्वेन्कलर यांनी 2012 मध्ये एक नेमका आक्षेप घेतला. डोळ्याने डोळ्याची जुळणी 92 टक्के जमली म्हणजे मुलांना घनाकार 'दिसत' होते असं ठरत नाही. एखादी कड, एखादा कोपरा लक्षात ठेवूनही जोडी लावता येते. मग अडचण हात आणि डोळ्याच्या संवादाची, की अजून डोळ्यासमोर धड आकारच उभा राहत नव्हता म्हणून? चपट्या उठावदार आकृत्या दिल्या असत्या, मुलाला ठोकळ्याभोवती फिरू दिलं असतं, तर उत्तर वेगळं येऊ शकलं असतं. आक्षेप पटण्यासारखा आहे. पाचच मुलं आणि एकच चाचणी, तेव्हा अख्खं तत्त्वज्ञान त्यावर तोलून धरू नये.

आकार उभाच राहत नाही म्हणजे काय, हे दाखवणारा माणूस प्रकल्पात आधीच भेटला होता. निबंधांत त्याला 'एस. के.' म्हणतात. वय 29. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून नैसर्गिक भिंग नव्हतं आणि इतकी वर्षं त्याला कुणी चष्माही लावला नव्हता. योग्य नंबरच्या चष्म्याने त्याची नजर 20/120 पर्यंत आली, म्हणजे धड नजरेला 120 फुटांवरून दिसतं ते त्याला 20 फुटांवरून दिसू लागलं. आपल्याकडचे डॉक्टर हे 6/36 असं लिहितात. चांगली नव्हे, पण खोलीत वावरायला पुरेशी.

एस. के.ला कागदावर एक चौकोन दाखवला तर तो चौकोन म्हणे. वर्तुळ दाखवलं तर वर्तुळ. आता चौकोन आणि वर्तुळ एकमेकांवर थोडे चढवून काढले आणि विचारलं, किती वस्तू आहेत? तो म्हणे तीन. रेघा एकमेकींना छेदून जे तीन बंद तुकडे पडतात, ते तीन त्याच्या लेखी तीन वस्तू. सावली पडलेला चेंडू त्याला एक वस्तू वाटत नसे, उजळ भाग वेगळा आणि काळा भाग वेगळा. छायाचित्रातल्या वस्तूंवरून बोट फिरव म्हटलं तर तो रंगाच्या ठिगळांवरून बोट फिरवी. आपण गाय पाहतो; त्याला पांढरा डाग, काळा डाग, शेजारी गवताचा हिरवा डाग असं ते सगळं एका पातळीवर पसरलेलं दिसे. त्याचा डोळा हे सगळं टिपत होता. यातलं काय कुणाचं, ते ठरवणारं आत कुणी नव्हतं.

मग त्या आकृती हलवून दाखवल्या. चौकोन एका बाजूला सरकतोय, वर्तुळ दुसऱ्या बाजूला. एस. के. लगेच म्हणाला, दोन. जे एकत्र हलतं ते एक, हा नियम त्याच्या मेंदूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. रोजच्या वस्तूंपैकी त्याला आधी ओळखू आल्या त्याही हालचाल करणाऱ्या. दीडेक वर्षाने त्याची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा स्थिर चित्रांतल्या वस्तूही तो बऱ्यापैकी सोडवू लागला होता. वय एकोणतीस-तीस, पाठ्यपुस्तकातलं दार बंद होऊन वीस वर्षं लोटलेली. त्याच्याबरोबर 13 वर्षांचा एक आणि 7 वर्षांचा एक, अशा दोघांचा अभ्यास झाला आणि त्यांच्यातही क्रम हाच दिसला. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

सगळंच शिकावं लागतं असंही नाही. लोहमार्गासारख्या वर जुळत जाणाऱ्या दोन तिरप्या रेघांमध्ये सारख्या लांबीच्या दोन आडव्या पट्ट्या काढल्या तर आपल्याला वरची पट्टी लांब वाटते. वर्षानुवर्षं रस्ते दूरवर निमुळते होताना पाहून हा भ्रम जडतो, असं बरेच जण समजून होते. 2015 मध्ये प्रकल्पाने नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच हे चित्र दाखवलं. ज्यांनी रस्ता कधी पाहिलाच नाही, ती मुलंही आपल्यासारखीच फसली.

जे परत येत नाही

इथवर वाचून मेंदू वाट्टेल त्या वयात वाट्टेल ते शिकतो असं कुणाला वाटलं, तर ते खरं नाही. नजरेची तीक्ष्णता या मुलांत पूर्ण येत नाही. बारीक अक्षर, दूरचा फळा हे बहुतेकांना कायम अवघड जातं. जन्मापासून दाट मोतीबिंदू असलेल्या एका बाईची शस्त्रक्रिया बाराव्या वर्षी झाली होती. वीस वर्षांनी तिला तपासलं तेव्हा ती रोजच्या व्यवहारात डोळ्यांवर विसंबून होती, वस्तू ओळखत होती, पण नजर 20/200, म्हणजे 6/60 वरच थांबलेली होती. चेहरा आहे की नाही हे मुलांना काही महिन्यांत चांगलं समजू लागतं. हा चेहरा नेमका कुणाचा, इथे मात्र अडतं. तेव्हा दार एक नाही, अनेक आहेत, आणि ती वेगवेगळ्या वयांत मिटतात. काही मिटतच नाहीत.

गेल्या काही वर्षांत याच मुलांच्या उणिवांवरून आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. नवजात बाळाला फार धूसर दिसतं, साधारण 20/600. रंगही नीट कळत नाहीत, कारण दृष्टिपटलातल्या रंग टिपणाऱ्या पेशी तेव्हा कच्च्या असतात. ही आपण आजवर उणीव समजत होतो. पण उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा डोळा वाढलेला असतो. त्याची सुरुवातच बाळापेक्षा स्पष्ट आणि रंगीत चित्राने होते, आणि नेमकं तेच मूल पुढे चेहऱ्यांत अडखळतं. लुकास फोगेलझांग, सिन्हा आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये संगणकावरच्या कृत्रिम जाळ्यांना, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालींना, दोन पद्धतींनी चेहरे शिकवून पाहिले. आधी धूसर आणि मग स्पष्ट चेहरे दाखवलेलं जाळं सरस ठरलं. धूसर चित्रात बारकावे पकडता येत नाहीत, म्हणून आख्खा चेहरा एकत्र धरायची सवय लागते, असा त्यांचा तर्क आहे. 2024 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला निबंध रंगांबद्दल तेच सांगतो: प्रकाशमधली मुलं रंगीत चित्रातल्या वस्तू चांगल्या ओळखतात, तेच चित्र कृष्णधवल केलं की घसरतात. सुरुवातीला रंग हाताशी नसतात म्हणून आपला मेंदू रंगावाचून काम भागवायला शिकतो. या मुलांना ती वेळच आली नाही. बाळाच्या पाळण्याशी भडक रंगांच्या पट्ट्या आणि 'ब्रेन बूस्टर' कार्डं टांगणाऱ्या पालकांनी हा निबंध एकदा वाचायला हरकत नाही.

याचा उपचारालाही उपयोग होऊ शकेल. उशिरा डोळे उघडलेल्या मुलाला पहिले काही दिवस मुद्दाम धूसर दाखवावं का, असा विचार त्यातून पुढे आला आहे. कृत्रिम जाळ्याला जमलं म्हणून मुलाला जमेल असं मात्र कुणी गृहीत धरू नये.

आपल्याकडे

महाराष्ट्राचा या विषयाशी सरळ संबंध आहे तो पालघरमुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये तिथून झाली. शून्य ते अठरा वयाच्या मुलांमधल्या ज्या तीसेक आजारांची आणि व्यंगांची तपासणी या कार्यक्रमात होते, त्यांत जन्मजात मोतीबिंदू आहे. तपासणी साधी असते. अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या छोट्या दिव्याच्या उपकरणाने, डोळ्यात उजेड टाकला की बाहुलीतून लालसर-नारिंगी झाक परत येते, जशी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत येते. झाक येत नाही, किंवा एकाच डोळ्यात येते, किंवा बाहुली पांढरी दिसते, तर बाळ तडक नेत्रतज्ज्ञाकडे. घरच्यांनाही कधीकधी फोटोतच पहिल्यांदा दिसतं की एक डोळा लाल आणि एक पांढरा आलाय. गरोदरपणात आईला झालेला रुबेला हे जन्मजात मोतीबिंदूचं एक टाळता येण्याजोगं कारण आहे. नोव्हेंबर 2018 पासून राज्यात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली, तेव्हा शाळाशाळांतून अफवा पिकल्या होत्या आणि पालक मुलांना त्या दिवशी घरी ठेवत होते. त्या लसीचा हा फायदा त्यांना कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

दिल्लीच्या मुलांवरून दवाखान्यात दोन निष्कर्ष काढता येतात आणि ते एकमेकांविरुद्ध वाटले तरी दोन्ही खरे आहेत. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोनएक महिन्यांतच व्हायला हवी. 'मोठा झाला की करू' म्हणण्यात जी नजर जाते ती भरून येत नाही. आणि तो उशीर झालाच असेल, मूल दहा वर्षांचं असेल, तरी 'आता उपयोग नाही' म्हणून परत पाठवायचं कारण उरलेलं नाही, डोळ्यातली बाकीची यंत्रणा धड असेल तर. अशा मुलाच्या घरच्यांना आधी स्पष्ट सांगावं लागतं की पट्टी काढल्यावर ते लगेच आईला ओळखणार नाही. पहिले दिवस उजेडाने त्रासेल, कदाचित डोळे मिटूनच हाताने चाचपत फिरेल, कारण त्याला तेच येतं. चष्मा रोज लावावा लागेल, लेन्स बसवली असली तरी जवळचं पाहायला. आणि हातात घेऊन वस्तू पाहू द्यावी. ताट, तांब्या, चप्पल, काय वाटेल ते.